हे मार्क नक्की कोणाचे? (कुटुंब, शाळा आणि धर्म)

उंबरठा

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज पेपर संपले म्हणून बसलेय. मी प्राथमिकला शिकवते, १९ वर्षं झाली, आणि गेली २ वर्षं बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. करतेय. अभ्यासक्रमात 'सामाजिक संस्था' नावाचा भाग आहे, त्यात कुटुंब हा एक धडा, धर्म दुसरा, शिक्षण तिसरा, आणि प्रत्येक धड्यात तेच कप्पे, प्रकार्यवादी (संस्था समाजाला काय उपयोगाची हे बघणारे) काय म्हणतात, संघर्षवादी (त्यात फायदा कोणाचा हे बघणारे) काय म्हणतात, परस्परक्रियावादी (माणसं रोज एकमेकांशी कशी वागतात हे बघणारे) काय म्हणतात. पाठ करायला सोपं पडतं. पण वर्गात उभी राहिले की मला हे तीन धडे वेगळे दिसतच नाहीत, मूल वर्गात येतं ते सगळं घर बरोबर घेऊनच येतं.

आधी 'संस्था' या शब्दाबद्दल. आपल्याला संस्था म्हटलं की पाटी, कार्यालय, अध्यक्ष, सचिव असलं काहीतरी आठवतं. समाजशास्त्रात तसं नाही. बर्गर आणि लकमन या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे फार साधं करून सांगितलंय. दोन माणसं एकत्र राहायला लागली की कामाची एक पद्धत पडते, तू हे कर मी ते करते, आणि ती त्यांनीच पाडलेली असते त्यामुळे उद्या मोडताही येते. मग मूल होतं. पद्धत कोणी आणि का पाडली हे त्या मुलाला माहीतच नसतं, त्याच्यासाठी ते 'असंच असतं' होऊन जातं, जसं झाड असतं, पाऊस असतो. आणि मुलाला समजावता समजावता आईबापांनाही ते तसंच वाटायला लागतं. हे जे 'असंच असतं' आहे ना, ती संस्था. लग्न, प्रार्थना, परीक्षा, सगळं त्यात आलं.

आता मूळ मुद्दा. पालकसभेत एकाच दिवशी दोन आया भेटल्या. पहिली म्हणाली, "आमची मुळातच हुशार आहे हो, आम्हाला काही बघावं लागत नाही." दुसरीने मार्क बघितले आणि हळूच म्हणाली, "आमच्या नशिबातच नाही अभ्यास." मी दोन्ही मुलींना रोज बघते. पहिलीला बोलता यायच्या आधीपासून रोज रात्री कोणीतरी पुस्तक वाचून दाखवलंय, घरात प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. दुसरीची आई संध्याकाळी उशिरा येते, तोपर्यंत ही ८ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते आणि ते काम ती उत्तम करते, पण त्याला मार्क नाहीत.

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं धर्माबद्दल एक निरीक्षण आहे, सुदैवी माणसाला नुसतं सुदैव पुरत नाही, ते आपल्याला मिळालं हे योग्यच झालं आणि ज्याला नाही मिळालं त्याचंही योग्यच झालं, असं त्याला पटावं लागतं. हे पटवायचं काम बराच काळ धर्माने केलं. १९७० मध्ये आल्थुसर या फ्रेंच विचारवंताने लिहिलं की पूर्वी चर्च आणि कुटुंब ही जोडी लोकांना आपापली जागा मान्य करायला शिकवायची, आता ती जागा शाळा आणि कुटुंब या जोडीने घेतलीय. म्हणजे दैवाचं समर्थन करायचं खातं वेदीवरून उठून परीक्षेच्या हॉलमध्ये आलंय. आणि 'मेरिटोक्रसी' (ज्याची गुणवत्ता त्याला जागा) हा जो शब्द आपण कौतुकाने वापरतो तो मायकेल यंगने १९५८ मध्ये रूढ केला तो धोक्याची सूचना म्हणून, पुढे २००१ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून तक्रारही केली की राजकारणी मंडळी हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतायत.

मला असं वाटायला लागलंय की घरातून आलेली गोष्ट शाळेच्या एका दारातून आत जाते आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडताना तिचं नाव 'गुणवत्ता' झालेलं असतं. आणि हे नाव ठेवायचं काम मी करते, लाल पेनने. तुमचं काय म्हणणं आहे? स्वतःचे अनुभव आले तर फार बरं.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. दुसऱ्या आईचं वाक्य वाचून थांबलोय, त्यावर मला लिहायचंय पण नीट विचार करून.

पायवाट

उंबरठाताई, कळकळीने लिहिलंय पण मला अर्धंच पटलं. शाळेला तुम्ही नुसतं शिक्का मारणारं ऑफिस केलंत. माझ्यापुरतं सांगते. घरी मी 'अमक्याची धाकटी' होते, मला काय वाटतं हे विचारायची पद्धतच नव्हती, मोठे बोलले की संपलं. शाळेत माझा हजेरीचा नंबर होता २७. तो नुसता आकडाच, पण तो माझा होता, कोणाची मुलगी कोणाची बहीण असलं त्यात काही नव्हतं. आठवीत एकदा बाहेरच्या परीक्षकांनी पेपर तपासले आणि गणितात मी पहिली आले, म्हणजे मी कोणाची कोण हे ज्याला अजिबात माहीत नव्हतं त्या माणसाने मला बरोबर ठरवलं. त्या दिवशी घरी जाताना मला जे वाटलं ते मी आज ४० वर्षांनीही विसरले नाहीये.

मग कॉलेजात टॅलकॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९५९ चा निबंध वाचला आणि तो नंबर २७ आठवला. त्याचं म्हणणं असं की घरात मुलाला मोजायची पट्टी खास त्याच्यासाठीची असते, आपलं आहे म्हणून चांगलं. बाहेरच्या जगात सगळ्यांना एकच पट्टी लागते. या दोन्हींच्या मधला पूल म्हणजे शाळेचा वर्ग. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमही तेच म्हणायचा, शाळा म्हणजे छोटा समाज, जिथे मूल पहिल्यांदा अशा नियमाला मान देतं जो आईच्या प्रेमातून आलेला नाही. या लोकांना हल्ली नावं ठेवायची फॅशन आहे पण ज्याला घरातून सुटायचं होतं त्याला विचारा पूल काय असतो ते.

आणि आकडेवारीचंही सांगते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८२ पासून पहिलीतल्या काही शे मुलांचा ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला गेला, अलेक्झांडर आणि एन्टविसल यांनी. त्यांना दिसलं की शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळपास सारखाच वेग धरतात, फरक वाढतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यांनी नळाची उपमा दिलीय, शाळा चालू म्हणजे सगळ्यांच्या घरी नळाला पाणी, सुट्टीत ज्याच्या घरी टाकी भरलेली त्यालाच. मोजायच्या पद्धतीवर नंतर बरेच वाद झाले हे खरं, पण मुद्दा विचारात घ्यायलाच हवा ना? शाळा घराचं नशीब पुसत नसेल, पण निदान रोज ५-६ तास ते थोपवून धरते.

चौथाप्रहर

पायवाट +१. नंबर २७ वाचून डोळ्यात पाणी आलं. पण मला दुसरंच काहीतरी खुपतंय, ड्युटी संपली की लिहिते.

जुनीवही

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. दोघींच्या म्हणण्यात भांडण नाहीये, पातळी वेगळी आहे एवढंच. १९६६ चा कोलमन अहवाल घ्या. अमेरिकन सरकारने नागरी हक्क कायद्याखाली तो करून घेतला होता, ६ लाखांच्या आसपास विद्यार्थी. अपेक्षा अशी की गरिबांच्या शाळांना पैसा कमी मिळतो म्हणून मुलं मागे पडतात असं निघेल. निघालं ते असं की शाळा-शाळांतल्या साधनांच्या फरकापेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गात बरोबर कोण बसतं याचा परिणाम जास्त. लोकांनी याचा अर्थ 'शाळेने काही होत नाही' असा काढला तो चुकीचा आहे, कारण त्या अभ्यासात सगळीच मुलं शाळेत जाणारी होती, शाळाच नसेल तर काय होईल हे त्यातून कळणारच नाही.

मग घर काय देतं? पैसा हे एक झालंच. पण पिएर बूर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं ते समजून घ्यायला हवं, त्याचं मूळ वाक्य असं काही नाही, मी माझ्या शब्दांत सांगतो, शाळा ज्या गोष्टीची परीक्षा घेते ती गोष्ट ती शिकवतच नाही. कसं बोलायचं, शंका कोणत्या सुरात विचारायची, कोणत्या पुस्तकाचं नाव ऐकलेलं असावं, हे सगळं आधीच येत असेल असं धरून चालते. ज्याच्या घरी ते आहे तो शाळेत पाण्यातल्या माशासारखा सहज वावरतो, बाकीचे अडखळतात आणि त्यांनाच वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे.

एक उदाहरण मी दरवर्षी द्यायचो. लंडनमध्ये बर्नस्टाईन या भाषा आणि वर्गाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाच्या सहकाऱ्यांनी ५ वर्षांच्या मुलांना चित्रमालिका दाखवली, मुलं फुटबॉल खेळतात, चेंडू खिडकीतून आत जातो, काच फुटते, बाई ओरडते. मध्यमवर्गीय मुलं सांगायची, तीन मुलगे फुटबॉल खेळत होते, एकाने चेंडू मारला, तो खिडकीतून गेला. कामगारवस्तीतली मुलं सांगायची, ते खेळतायत, त्याने मारला, तो तिकडून गेला, ती ओरडली. दोघांनाही गोष्ट पूर्ण कळलेली आहे. दुसरं मूल असं धरून चालतंय की चित्र तुमच्याही समोर आहे, आणि ते होतंच! पण शाळेला पहिल्याचं उत्तर 'चांगलं' वाटतं. बर्नस्टाईन शेवटपर्यंत सांगत राहिला की दुसरी भाषा कमअस्सल नाही, तरी लोक त्याच्या नावावर तेच खपवत राहिले.

उंबरठा, तुमचा लाल पेन या जागी येतो.

चौथाप्रहर

आता लिहिते. सगळ्यांनी 'घर देतं', 'कुटुंब देतं' असं लिहिलंय. घर म्हणजे भिंती आहेत का? देतं कोण ते म्हणा की. उंबरठाताईंच्या पहिल्या मुलीला रोज रात्री 'कोणीतरी' पुस्तक वाचून दाखवलं. ते कोणीतरी कोण?

मी नर्स आहे, नाईट करून सकाळी घरी आले की मुलाचा अभ्यास, प्रोजेक्टला लागणारं सामान, शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज, हे सगळं माझ्याकडे. डोरोथी स्मिथ आणि ॲलिसन ग्रिफिथ या दोघींनी २००५ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं, शाळा चालते ती आयांच्या बिनपगारी कामावर, आणि शाळेच्या कुठल्याच हिशोबात ते काम नसतं. वाचताना कोणीतरी माझं दप्तर तपासतंय असं वाटलं.

पार्सन्सचं पूलवालं म्हणणं ठीक आहे पण त्याचं कुटुंबाबद्दलचं काय? मुलांवर संस्कार आणि मोठ्यांच्या मनाला स्थैर्य ही कुटुंबाची दोन कामं, कमावता पुरुष थकून घरी येतो आणि घर त्याला शांत करतं. पुस्तकांमध्ये याला गरम पाण्याच्या आंघोळीची उपमा देतात. पाणी तापवायचं कोणी, आणि तापवणारी थकली की तिने कुठे जायचं, हा प्रश्न त्यात नाहीच. ॲन ओकलीने लंडनमधल्या ४० गृहिणींशी बोलून १९७४ मध्ये लिहिलं की त्यांचं घरकाम आठवड्याला सरासरी ७७ तास भरतं. ७७! तोपर्यंत समाजशास्त्रात याला काम म्हणून कोणी फारसं मोजतच नव्हतं. मग बायका बाहेर कामाला लागल्या तर १९८९ मध्ये हॉक्शील्डने हिशोब मांडला की नोकरी आणि घर मिळून त्या नवऱ्यांपेक्षा वर्षाला एक अख्खा महिना जास्त राबतात, २४ तासांचे दिवस धरून.

२०२० मध्ये जगभर शाळा बंद झाल्या, दीडशे कोटींच्या वर मुलं घरी. तेव्हा कळलं की शाळेचं एक मोठं काम मुलांना दिवसभर सांभाळणं हे होतं. मर्टन हा समाजशास्त्रज्ञ याला सुप्त कार्य म्हणतो, कोणी जाहीर केलेलं नसतं पण होत असतं. शाळा, ऑफिस, प्रार्थना, सगळं एकाच घरात येऊन पडलं आणि ते उचललं कोणी ते ज्याने त्याने आपल्या घरात बघितलंय. मी तर त्या काळात घरी आले तरी मुलाला जवळ घेऊ शकत नव्हते. त्याच्या ऑनलाइन वर्गाची लिंक मी वॉर्डमधून फोनवर लावून द्यायचे.

तेव्हा मार्क कोणाचे, तर त्यात माझेही आहेत.

उंबरठा

चौथाप्रहर, 'कोणीतरी' हा शब्द मी लिहिला हे मला आत्ता दिसलं. बरोबर आहे तुमचं. वाचून दाखवणारी आईच होती, मला माहीत होतं तरी मी तिला पुसलं.

रातकिडा

आता माझं. मी श्रद्धाळू माणूस आहे हे आधीच सांगतो.

धर्माला इथे एका ओळीत निकालात काढलंय, लोकांना आपली जागा मान्य करायला लावतो म्हणून. मार्क्सचं ते अफूवालं वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण त्याच्या आधीची वाक्यं कोणी वाचत नाही. १८४४ मध्ये छापलेल्या त्या मजकुरात तो म्हणतो की धर्म हा पिचलेल्या जिवाचा उसासा आहे, हृदय नसलेल्या जगाचं हृदय आहे, आणि मग अफू येते. त्या काळी अफू हे दुखणं थांबवायचं औषध होतं, घरोघरी मिळायचं. म्हणजे मार्क्सलासुद्धा दुखणं खरं आहे हे मान्य होतं.

वडील ८ महिने अंथरुणाला होते. सोसायटीतले, ऑफिसातले लोक दोनदा आले. आमच्या प्रार्थनामंडळातली माणसं रोज आळीपाळीने रात्री बसायची म्हणून मला झोप मिळायची. दुर्खीमने १९१२ मध्ये लिहिलं ते मला तिथे कळलं, की धर्माचा गाभा पवित्र मानलेल्या गोष्टींभोवती माणसं एकत्र येण्यात आहे, एकत्र आल्यावर जी ताकद अंगात येते ती खरी असते, ती समाजाची ताकद असते. मला ती फक्त समाजाची वाटत नाही, पण तो माझ्या श्रद्धेचा भाग झाला, त्यावर इथे वाद नको.

आणि धर्म फक्त गप्प बसवतो हेही खरं नाही. १९५५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस लोकांना कामावर पोचवायच्या गाड्या, पैसे, सभा, निरोप, हे सगळं चर्चमधून उभं राहिलं. आल्डन मॉरिसने १९८४ मध्ये हे तपशिलात दाखवलंय. लॅटिन अमेरिकेत तर धर्मगुरूंनीच म्हटलं की देव गरिबांच्या बाजूचा आहे.

पण मला मुख्य बोलायचंय ते दुसऱ्या आईबद्दल. ती "नशिबातच नाही" म्हणाली. ताई, तुम्हाला ते वाक्य धर्माने शिकवलेली हार वाटली. मला त्यात दुसरं काहीतरी ऐकू आलं. नशीब म्हटल्यावर दोष कोणाचाच राहत नाही, ना तिचा ना पोरीचा. मुलीला ढ म्हणायचं नव्हतं तिला, म्हणून तिने नशीब पुढे केलं. तिच्याकडून नशीब काढून घेतलं आणि सांगितलं की बाई, आता सगळ्यांना सारखी संधी आहे, ज्याची लायकी त्याला मार्क, तर तिच्या हातात काय उरतं? फक्त स्वतःची चूक. वेबरच्या बोलण्यात सुदैवाचं समर्थन आहे तसं दुःखाला अर्थ देणंही आहे. शाळेने पहिलं काम धर्माकडून घेतलं असं तुम्ही म्हणता, असेल. दुसरं घेतलेलं नाही. नापास झालेल्या माणसाला सांगण्यासारखं शाळेकडे काहीच नाही.

जुनीवही

रातकिडा, इतकी वर्षं वेबर शिकवला पण हे असं मांडलं नव्हतं कधी. यंगची १९५८ ची भीती नेमकी हीच होती, की फक्त गुणवत्तेवर जागा देणाऱ्या समाजात खालच्या माणसाला स्वतःबद्दल आदर वाटायला कुठलीच सबब राहणार नाही.

सातवापाठ

थोडं बाजूचं. कुटुंब म्हणजे एकच साचा असं धरून सगळे बोलतायत म्हणून लिहितो. मर्डॉक या मानवशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये २५० समाजांची माहिती चाळून सांगितलं की आईबाप-मुलं हा गाभा सगळीकडे सापडतो. लगेच अपवाद पुढे आले. कॅथलीन गफने केरळातल्या नायर समाजाचं जुनं रूप दाखवलं, तिथे मुलं आईच्या घराण्यात वाढायची, नवरा म्हणून येणारा पुरुष त्या घरात राहायचाच नाही. इस्राएलच्या किबुत्झमध्ये (सामायिक मालकीच्या वसाहतींत) मुलं रात्री वेगळ्या बालगृहात झोपायची, आईबापांना भेटायची ठरल्या वेळी. १९९० च्या दशकापर्यंत मात्र मुलं परत आईबापांच्या घरी झोपायला आली, याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

आणि 'पूर्वी सगळी मोठी एकत्र कुटुंबं होती, कारखाने आले आणि तुटली' हे तर इंग्लंडपुरतं चुकीचंच निघालं. लॅसलेटने जुन्या नोंदी मोजल्या तर कारखाने यायच्या कितीतरी आधीपासून घरटी सरासरी पावणेपाच माणसं. उलट प्रेस्टन या गिरणीच्या गावात १८५१ च्या जनगणनेत २३ टक्के घरांत जास्तीचे नातेवाईक राहत होते, अँडरसनने दाखवलंय. कारण सरळ आहे, आई गिरणीत गेली तर पोर सांभाळायला आजी लागते, आजीला खायला घर लागतं. म्हणजे कारखान्याने कुटुंब तोडण्याऐवजी काही ठिकाणी जोडलं. उंबरठा यांच्या वर्गातली भावाला सांभाळणारी मुलगी याच गोष्टीतली आहे, फक्त तिच्या घरी आजी नाहीये.

हातोडी

मी इथे फक्त वाचतो, पहिल्यांदा लिहितोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मी १६ व्या वर्षी शाळा सोडली, आता गाड्यांच्या दुरुस्तीचं स्वतःचं वर्कशॉप आहे. एका धाग्यावर कोणीतरी पॉल विलिसच्या १९७७ च्या पुस्तकाबद्दल लिहिलेलं म्हणून ते मिळवलं आणि डिक्शनरी घेऊन वाचलं, ४ महिने लागले. इंग्लंडमधल्या कामगारांच्या १२ पोरांबरोबर तो शाळेत बसला, त्यांच्याबरोबर हिंडला. ती पोरं अभ्यास करणाऱ्यांना नावं ठेवायची, सरांना हैराण करायची, बिडी ओढायची. ती आम्हीच होतो. अक्षरशः आम्ही.

विलिस म्हणतो ही पोरं मूर्ख नव्हती, त्यांना एक गोष्ट बरोबर दिसली होती, की सगळ्यांनी सर्टिफिकेट मिळवलं तरी सगळ्यांना वर जायला जागा नाहीये. एवढं दिसलं म्हणून त्यांनी शाळेला लाथ मारली, आणि त्याच लाथेने ती थेट कारखान्यात जाऊन पडली, स्वतःच्या मर्जीने आणि हसत. आणि डोक्याचं काम म्हणजे बायकी, हातचं काम म्हणजे मर्दाचं असं म्हणत त्यांनी स्वतःचं मन समजावलं. हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं ८ दिवस, कारण आम्हीही हेच म्हणायचो, याच शब्दात.

माझ्याबाबतीत सुरुवात नववीत झाली. एका सरांनी फळ्यापाशी उभं करून सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्याकडून व्हायचं नाही, तू वेळ घालवू नकोस. गणित होतं. आज मी इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतो, पण ते वाक्य अजून जसंच्या तसं कानात आहे.

आता माझी मुलगी सातवीत आहे. ॲनेट लारो म्हणून बाई आहेत, २००३ चं पुस्तक, १२ कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांनी बारीक निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की शिकलेले आईबाप शाळेत जाऊन हक्काने प्रश्न विचारतात, भांडतात, आणि मुलंही ते बघून डॉक्टरला मास्तरला प्रश्न विचारायला शिकतात. आमच्यासारखे शाळेपुढे गप्प बसतात. आमचं मुलावर प्रेम कमी असतं असं नाही, आम्हाला वाटतं शिकवणं हे त्यांचं काम आहे, त्यात आपण बोलू नये, आणि भीतीही असते. मी वर्कशॉपमध्ये ५ माणसांना पगार देतो पण मुलीच्या शाळेत गेलो की हात आपोआप मागे बांधले जातात.

पायवाट

हातोडीदादा, एकही शब्द चुकलेला नाही. मी शाळेचा पूल म्हटलं, त्या पुलावरून तुम्हाला ढकलून दिलं होतं हे मी ऐकतेय. माझा नंबर २७ खरा आहे आणि तुमचं फळ्यापाशी उभं राहणंही खरं आहे, एकच संस्था आहे ती.

उंबरठा

दोन दिवस काही लिहिलं नाही कारण हातोडीदादांचं वाचून मी माझी जुनी हजेरीपुस्तकं काढून बसले होते. मी वर्गात वाचनाचे तीन गट करते, पुढचे, मधले, मागचे. हे सोयीसाठी, ज्याला जिथे मदत लागेल तिथे देता यावी म्हणून. ९ वर्षांच्या नोंदी सापडल्या. जूनमध्ये मागच्या गटात घातलेली किती मुलं वर्ष संपेपर्यंत वरच्या गटात गेली ते मोजलं. ९ वर्षांत ११. मला वाटत होतं दरवर्षी निम्मी तरी जात असतील.

रोझेन्थाल आणि जेकबसनचा १९६८ चा प्रयोग मी परीक्षेत लिहून आले होते. शिक्षकांना सांगितलं की ही ही मुलं यंदा एकदम पुढे जाणार आहेत, प्रत्यक्षात ती २० टक्के मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाने पहिली-दुसरीतली तशी मुलं खरंच पुढे गेलेली दिसली. त्यावर टीका खूप झाली, सगळीकडे तोच निकाल आलाही नाही, आणि मी तेही लिहिलं, पूर्ण मार्क मिळवायला. माझ्या ११ चा विचार तेव्हा मनात आला नाही.

सध्या एकच गोष्ट बदललीय. मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ज्याच्याकडून अपेक्षा कमी त्याच्यासाठी तर त्याहून कमी. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. म्हणून मी आता मनात तीनपर्यंत मोजते. फार अवघड जातं, त्या तीन सेकंदांत पुढच्या गटातले हात वर करून उड्या मारत असतात. भावाला सांभाळणाऱ्या मुलीने परवा पहिल्यांदा पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

रातकिडा, तुमचं नशिबाबद्दलचं म्हणणं मी मान्य करते. त्या आईला "नशीब काही नसतं हो, प्रयत्न करायला हवेत" असं मी त्या दिवशी म्हणाले होते. ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. आता कळतंय मी तिच्यावर काय टाकलं ते.

हातोडी

ताई, शनिवारी मुलीच्या शाळेत सभा आहे. गेल्या वेळी "मुलगी ठीक आहे, लक्ष द्या" एवढं सांगून दोन मिनिटांत पाठवलं. लक्ष द्या म्हणजे काय करू ते कळलं नाही. काय विचारायचं असतं तिथे?

उंबरठा

दादा, 'ठीक' म्हणजे कशात ठीक ते विचारा, आणि वही दाखवायला सांगा. वहीत जिथे चुकलंय तिथे बोट ठेवून विचारा की हे तिला का येत नाहीये, तुम्हाला काय वाटतं. वर्गात तिला शेवटचा प्रश्न कधी विचारला होता ते विचारा, हे आम्हाला कोणी विचारत नाही, विचारलं की आम्ही दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागतो. गट केले असतील तर ती कुठल्या गटात आहे आणि तिथून वर यायला नेमकं काय यायला हवं ते लिहून मागा. आणि घरी लक्ष द्या म्हणाले तर, घरी रोज अर्धा तास आहे माझ्याकडे, त्यात नेमकं काय करू, असं विचारा, अर्धा नसेल तर १५ मिनिटं म्हणा पण खरं ते सांगा.

मुलीला बरोबर न्या, तिने तुम्हाला विचारताना बघायला हवं. आणि उभं राहून बोलू नका. खुर्ची दिली नाही तर मागून घ्या.